घास अडतोय, ताट बदलतंय

गेल्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना 'घास अडकतो' या तक्रारीवर मी जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर दापोलीपासून मालवणपर्यंतची पत्रं आली. काहींसोबत रिपोर्टच्या झेरॉक्स, एकासोबत तर अख्खी सीडी. म्हणून या वेळी मूळव्याध आणि पित्ताचे खडे बाजूला ठेवून फक्त अन्ननलिकेच्या कर्करोगाची पत्रं घेते. नेहमीप्रमाणे नावं पुसली आहेत, तालुके तेवढे ठेवले आहेत.

प्रश्न : डॉक्टरताई, माझे यजमान ५७ वर्षांचे, ट्रॉलरवर तांडेल आहेत. गणपतीनंतर बांगडा खाताना घास अडकला, तेव्हापासून काटा रुतून बसलाय असंच म्हणतात. आधी भाकरी अडायची, आता मऊ भातसुद्धा पाण्याबरोबर उतरवतात. वजन उतरलंय. छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, रक्त, सगळं नॉर्मल आलं. आता दुर्बीण घालायला सांगितलीय आणि ते तयार नाहीत. नळी न घालता निदान होणार नाही का? (गुहागर तालुका)

उत्तर : ताई, नाही होणार. हे आधी सांगते, कारण बाकीचं उत्तर लांबणार आहे.

काटा अडकतो तेव्हा माणूस मासा कुठला, घास कितवा हेही सांगतो. काटा टोचतो, थुंकी गिळतानाही टोचतो. एक-दोन दिवसांत तो खाली तरी जातो, नाहीतर माणसाला दवाखान्यात आणतो. आधी भाकरी, मग भात, मग पेज अशी पायरीपायरीने वाट अडवत तीन-साडेतीन महिने बसून राहणारा काटा मी सव्वीस वर्षांत पाहिलेला नाही. तुमच्या पत्रात मला काळजीचं वाटलं ते भाकरीचं वाक्य.

आमच्याकडची माणसं तक्रार करत नाहीत, ताट बदलतात. माझ्या थोरल्या काकांचंच सांगते. राजापूरकडच्या घरी पडवीत बसून ते भाकरी कुळथाच्या पिठीत बुडवून बुडवून खायचे. मग भाकरी गेली, पिठी-भात राहिला. काकू कौतुकाने सांगायची, 'हल्ली हलकं खातात, बरंच आहे.' मी विचारलं तर म्हणाले, 'काय नाय गो, काटो लागलो असतलो.' आणि मी, रोज दुर्बीण हातात धरणारी बाई, त्यांना दोन महिने आम्लपित्ताच्या गोळ्या देत राहिले. कारण ते काका होते, माझ्यासमोर पेशंट म्हणून कधी बसलेच नव्हते. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी वडे तसेच ठेवून नुसता रस्सा प्यायला, तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तेव्हापासून मी पेशंटला 'गिळायला त्रास होतो का' असं विचारत नाही. घरात जेवण करणाऱ्या बाईला विचारते : गेल्या सहा महिन्यांत यांच्या ताटातून काय काय गेलं?

आता नॉर्मल रिपोर्टांबद्दल. अन्ननलिका साधारण २५ सेंटीमीटर लांब, श्वासनलिकेच्या मागे आणि मणक्याच्या पुढे, छातीच्या खोल गाभ्यात असते. पोटाच्या सोनोग्राफीला ती दिसत नाही. एक्स-रेवर छाती दिसते, नळीचं अस्तर नाही. रक्ताच्या कुठल्या एका तपासणीत हा कर्करोग कळतो असंही नाही. बेरियम पिऊन काढलेल्या फोटोत नळी कुठे अरुंद झाली ते कळतं, पण ती कशाने अरुंद झाली हे फोटो सांगत नाही. तुकडा काढून तपासल्याशिवाय कुठलाही शहाणा डॉक्टर किमोची बाटली लावणार नाही.

आणखी एक. अन्ननलिका ताणली जाते, हाच तिचा घात. आतली वाट साधारण १३ मिलिमीटरच्या खाली येईपर्यंत घट्ट घासही सरकत जातो. म्हणजे भाकरी अडायला लागली त्या दिवशी आतली गोष्ट नवी नव्हती. म्हणून 'शिमग्यापर्यंत बघू' नको.

दुर्बिणीची भीती असते ती काय होणार ते माहीत नसल्याची. तर होतं ते असं. सहा तास उपाशी यायचं. तुमच्या यजमानांना आदल्या दिवशी दुपारपासून पातळच द्या, कारण अरुंद जागेच्या वर अन्न साचून राहतं. घशात कडू फवारा मारतात, घसा बधिर होतो, थुंकी गिळल्यासारखी वाटत नाही. तेवढं पहिलं मिनिट सगळ्यांना नकोसं होतं. डाव्या कुशीवर झोपवून दातांमध्ये प्लॅस्टिकचं कडं देतात. नळी करंगळीहून बारीक असते. पडद्यावर निरोगी अस्तर शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखं दिसतं, फिकट गुलाबी, ओलं, चकचकीत. गाठ असेल तर तिथे ते एकदम खडबडीत होतं, कडा उचललेल्या, टोकाने स्पर्श केला की रक्त येतं. नळीवर सेंटीमीटरच्या खुणा असतात. समोरच्या दातांपाशी जो आकडा येतो तो मोठ्याने वाचते आणि सिस्टर लिहून घेते. मग चिमट्याने सहा-आठ तुकडे घ्यायचे, प्रत्येक तांदळाच्या कणीएवढा. ते घेताना दुखत नाही. कण्या फॉर्मेलिनच्या बाटलीत, बाटलीवर नाव, आणि माणूस तासाभरात घरी. फक्त बधिरपणा जाईपर्यंत चहा-पाणीसुद्धा द्यायचं नाही.

तुकडा घेतल्याने रोग पसरतो, असं वाडीत कोणीतरी सांगेलच. या तपासणीने तो पसरत नाही. पसरतो तो वाट बघण्याने.

आणि अजून रडू नका. घास अडणं म्हणजे दरवेळी कर्करोग नव्हे. जुन्या आम्लपित्ताने व्रण होऊन नळी आकसते. अकॅलेशिया नावाच्या आजारात खालची झडप उघडत नाही, पण तिथे बहुधा पाणी आणि भात दोन्ही सुरुवातीपासूनच अडतात, तुमच्यासारखी उतरती पायरी नसते. हे सगळं त्याच एका नळीने कळतं. मात्र पाणी पिताना ठसका लागून खोकला येऊ लागला, आवाज घोगरा झाला किंवा स्वतःची लाळही उतरेना, तर पुढचा सोमवार बघू नका, दुसऱ्या दिवशी निघा.

यजमानांना सांगा की काटा बघायलाच नळी घालतायत. हे खोटं नाही. काटा असलाच तर तोही त्याच दुर्बिणीने निघतो.

प्रश्न : आमच्या बाबांच्या (६१) तुकड्याचा रिपोर्ट 'स्क्वेमस सेल कार्सिनोमा' आला. दुर्बिणीच्या कागदावर '२९ ते ३४ सेंमी' आहे. पेट-सीटीनंतर फाइलवर सी-टी३ एन१ एम०, स्टेज ३ असं लिहिलं. एका ठिकाणी लगेच ऑपरेशन करतो म्हणाले. मुंबईत म्हणतात, आधी पाच आठवडे किमो आणि रेडिएशन, ऑपरेशन त्यानंतर. तेवढ्यात पसरलं तर? आणि तिसरी म्हणजे शेवटच्याच्या आधीचीच ना? (मूळ लांजा, सध्या डोंबिवली)

उत्तर : आधी तुमच्या कागदावरचे आकडे. ते समोरच्या दातांपासून मोजलेले असतात. अन्ननलिका साधारण १५ ला सुरू होते आणि ४० च्या आसपास जठराला मिळते. म्हणजे बाबांची गाठ पाच सेंटीमीटर लांब, मधल्या आणि खालच्या भागाच्या सीमेवर. श्वासनलिकेचे दोन फाटे फुटतात ती जागा २५ च्या आसपास, म्हणजे तिच्यापासून थोडी खाली. गाठ त्या फाट्याशी किंवा वर असती तर श्वासनलिकेतही दुर्बीण घालून बघावं लागलं असतं.

आता अक्षरं. तुमच्या गावच्या घराची चिऱ्याची भिंत डोळ्यासमोर आणा. आतला गिलावा म्हणजे अस्तर. गाठ गिलाव्यातच असेल तर टी१. त्यातही अगदी वरच्या थरात असेल तर दुर्बिणीतूनच सोलून काढता येते, छाती उघडावी लागत नाही. चिऱ्यात, म्हणजे स्नायूत, शिरली तर टी२. चिरा ओलांडून बाहेरच्या अंगाला आली पण शेजाऱ्याला लागली नाही, तर टी३. बाबा इथे आहेत. शेजाऱ्याला धरलं की टी४, आणि त्यातही शेजारी कोण यावर सगळं ठरतं : फुप्फुसाचं किंवा हृदयाचं आवरण असेल तर सर्जन ते गाठीसोबत कापून काढू शकतो, महाधमनी, श्वासनलिका किंवा मणका असेल तर नाही. जठराला आणि आतड्याला बाहेरून एक गुळगुळीत आवरण असतं, अन्ननलिकेच्या बहुतेक लांबीला ते नसतं. म्हणून इथली गाठ भिंत लवकर ओलांडते.

एन म्हणजे लिम्फ नोड, अंगात मुळातच असलेल्या बारीक गाठी. रोग पोचलेल्या तेवढ्या मोजतात. एक-दोन असतील तर एन१, तीन ते सहा एन२, सात किंवा जास्त एन३. एम० म्हणजे यकृत, फुप्फुस, हाडं अशा दूरच्या जागी काही सापडलं नाही. सगळ्यात पुढचं बारकं 'सी' कोणी वाचत नाही. त्याचा अर्थ, हा अंदाज स्कॅनवरून केलेला आहे. ऑपरेशननंतर काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली बघून 'पी' लागतं, आधी किमो-रेडिएशन झालं असेल तर 'वाय-पी'. दोन अंदाजांत फरक पडू शकतो, वरही आणि खालीही.

पेट-सीटीबद्दल एक सावधगिरीची गोष्ट. त्यात साखरेसारखं औषध टोचतात आणि जिथे साखर जास्त खाल्ली जाते ती जागा चमकते. आपल्या देशात जुन्या क्षयाच्या गाठीही चमकतात. एखाद्या दूरच्या चमकणाऱ्या ठिपक्यामुळे उपचार बदलणार असतील, तर त्या ठिपक्यात सुई घालून बघा असा आग्रह धरा.

तिसरी स्टेज म्हणजे रत्नागिरीनंतर संगमेश्वर, मग चिपळूण, असं एकापुढे एक स्टेशन नव्हे. पहिली-दुसरी न होता माणूस थेट तिसरीत सापडतो, आपल्याकडे तर बहुतेक वेळा असाच. बाबांच्या आकड्याचा कामाचा अर्थ एवढाच : रोग छातीत आहे, भिंतीबाहेर आलाय, जवळच्या एक-दोन गाठींत पोचलाय आणि बरं करण्याच्या उद्देशाने उपचार करता येतील.

म्हणूनच आधी किमो-रेडिएशन. मला विचाराल तर मुंबईवाले बरोबर सांगतायत. नेदरलँड्समध्ये क्रॉस नावाचा अभ्यास झाला, २०१२ मध्ये छापून आला. अर्ध्या पेशंटना थेट ऑपरेशन, अर्ध्यांना आधी पाच आठवडे दर आठवड्याला किमो आणि त्याबरोबर २३ दिवस रेडिएशन, मग ऑपरेशन. थेट ऑपरेशनवाल्यांत ६९ टक्क्यांची गाठ कडेला काही न उरता निघाली, दुसऱ्या गटात ९२ टक्क्यांची. पहिल्या गटातले निम्मे पेशंट २४ महिन्यांच्या पुढे जगले, दुसऱ्यातले निम्मे ४९ महिन्यांच्या पुढे. दहा वर्षांनी २५ विरुद्ध ३८ टक्के हयात होते. आणि बाबांच्या जातीच्या, म्हणजे स्क्वेमस, पेशंटांत ४९ टक्क्यांच्या काढलेल्या नळीत जिवंत कर्करोग सापडलाच नाही. पाच आठवड्यांत पसरेल ही तुमची भीती समजते, पण ते पाच आठवडे रिकामे नसतात. किमो रक्तातून सगळीकडे जाते, जिथे सर्जनचा हात पोचत नाही तिथेसुद्धा.

(खालच्या टोकाला, जठराच्या तोंडाशी होणारी दुसरी जात म्हणजे ॲडेनोकार्सिनोमा. तिथे आता ऑपरेशनच्या आधी आणि नंतर चार औषधांची किमो देण्याकडे कल वाढला आहे. तुमच्या बाबांना ते लागू नाही. शेजारच्याला वेगळं दिलं म्हणून घाबरू नका, एवढ्यासाठी लिहिलं.)

ऑपरेशन कुठे करायचं? मी पोटाची सर्जन आहे, पण हे ऑपरेशन मी करत नाही. छाती, पोट, मान अशा तीन ठिकाणी काम, जठराची नळी करून वर ओढायची, जोड सुटला तर जिवाशी खेळ. वर्षाला दोन-तीन केसेस वाट्याला येणाऱ्या माणसाने ते करू नये, असं माझं ठाम मत आहे. सर्जनला सरळ विचारा : वर्षाला किती करता? या प्रश्नाचा राग येणाऱ्याकडे करू नका.

तोवर घरी तीन कामं. तंबाखू आजपासून बंद, चुना मळून ठेवलेली डबीसुद्धा घराबाहेर. तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र रोज ओढायचं, म्हणजे तोंडाने श्वास आत ओढून चेंडू वर उचलायचे, आणि अंगणात नव्हे, रस्त्यावर चालायचं. आणि वजन. घास जात नसेल तर नाकातून नळी किंवा पोटावरून आतड्यात नळी घालतील, त्याला नाही म्हणू नका. लोकांना ती नळी म्हणजे शेवट वाटतो. उलट आहे, नळीतून पोट भरलेला माणूस पाच आठवडे टिकतो. या टप्प्यावर जाळीचा स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी धातूची नळी, मात्र शक्यतो टाळतात.

मुंबईला जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका. तुकड्याच्या काचा आणि मेणाचे ब्लॉक लॅबकडून मागून घ्या. परळचं टाटा रुग्णालय काय किंवा दुसरं कुठलं मोठं, ते स्वतः पुन्हा तपासतात आणि ब्लॉक नसेल तर एक फेरी फुकट जाते. रेडिएशन सोमवार ते शुक्रवार रोज असतं, तुम्ही डोंबिवलीत आहात हे बाबांचं नशीब. ज्यांचं कोणी नाही ते दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्या नाना पालकर स्मृती समितीत चौकशी करतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका आणि आधार बरोबर ठेवा. रेल्वेत कर्करोगाच्या पेशंटला आणि सोबत्याला तिकिटात मोठी सवलत आहे. रुग्णालयाचा सही-शिक्क्याचा फॉर्म काउंटरवर दाखवावा लागतो.

प्रश्न : आई ६६ वर्षांची, चाळीस वर्षं मिशरी लावायची. किमो आणि शेक (रेडिएशन) पूर्ण झाले. परवाच्या दुर्बिणीत गाठ दिसली नाही, तुकडेही स्वच्छ. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात. आई म्हणते, गाठ गेली तर पोट कशाला फाडायचं? (कुडाळ तालुका)

उत्तर : आईंचा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. हाच प्रश्न घेऊन नेदरलँड्समध्ये सानो नावाचा अभ्यास झाला. गाठ दिसेनाशी झालेल्यांपैकी काहींचं ऑपरेशन केलं, काहींना नुसतं जवळून तपासत ठेवलं. दोन वर्षांच्या हिशेबात तपासणीवाले जगण्यात मागे पडले नाहीत. पण त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची गाठ त्याच जागी परत आली आणि तेव्हा ऑपरेशन करावंच लागलं. न दिसणं आणि नसणं यात अंतर आहे.

तेव्हा खरा प्रश्न आईंना नाही, तुम्हाला आहे. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी दुर्बीण, तुकडे, स्कॅन, आणि पावसातसुद्धा. कुडाळहून हे कोण घेऊन जाणार? भात लावणीला एक फेरी चुकली, गणपतीला दुसरी, तर ते तपासत ठेवणं नव्हे, सोडून देणं झालं. जमणार असेल तर डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. हृदय-फुप्फुस चांगलं असेल आणि फेऱ्या जमणार नसतील, तर मी ऑपरेशनकडे झुकेन. गाठ अगदी वर, गळ्याच्या भागात असती तर गोष्ट वेगळी. तिथे बहुधा पूर्ण मात्रेचं किमो-रेडिएशन हाच मुख्य उपचार असतो, कारण ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रही जाऊ शकतं.

मिशरीची डबी कुठे आहे ते तपासा. माझ्या अनुभवात ती देव्हाऱ्याच्या मागे सापडते.

प्रश्न : माझं ऑपरेशन होऊन चार महिने झाले (वय ५९). गाठ पूर्ण निघाली. पण जेवल्यावर वीस मिनिटांत छाती धडधडते, घाम फुटतो, कधी शौचाला पळावं लागतं. संकष्टीला दोन मोदक खाल्ले तर आडवाच झालो. रात्री तोंडात कडू पाणी येतं. रोग परत आला का? (दापोली तालुका)

उत्तर : हे रोग परतल्याचं लक्षण नाही, मोदकाचं आहे.

तुमचं जठर आता पिशवी राहिलेलं नाही, उभी नळी झाली आहे आणि ती छातीत आहे. वरची झडप गेली, जठराला हुकूम देणाऱ्या नसाही कापल्या गेल्या. त्यामुळे गोड, पातळ काही पोटात पडलं की ते थांबत नाही, धाडकन आतड्यात उतरतं. आतडं अंगातलं पाणी ओढून घेतं, म्हणून धडधड आणि घाम. याला डम्पिंग म्हणतात. काहींना दोन-तीन तासांनी साखर एकदम खाली जाऊन हातपाय थरथरतात, तेही याच घरातलं.

दिवसाला सहा-सात वेळा, प्रत्येक वेळी वाटीभर. जेवताना पाणी नाही. अर्ध्या तासाने, घोटाघोटाने. रिकाम्या पोटी गोड अजिबात नको, साखरेचा चहाही नको. मोदक खायचाच तर जेवणाच्या शेवटी अर्धा, तूप घालून, सावकाश. पेज पिऊ नका असं नाही म्हणत, पण नुसती पेज म्हणजे पाणी आणि पिष्ट. तिच्यासोबत अंडं घ्या किंवा मासा. सुरमई, पापलेट, काटे काढून रश्श्यात मऊ केलेलं, हे तुमचं औषध आहे. कुळथाची पिठी दाट करा. घावणे, आंबोळी चालेल, बारीक चावून. भाकरी आमटीत भिजवून, कडा सोडून. शेवग्याची शेंग चोखायची आणि चोथा टाकायचा. बरक्या फणसाचा तंतू जोडावर अडकतो, या हंगामात कापा फणसही दोन गऱ्यांवर थांबवा.

रात्रीचं कडू पाणी उशांनी थांबणार नाही. उशांनी मान वाकते, धड सपाटच राहतं. पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली सहा-आठ इंचांचे ठोकळे द्या. माझ्या एका पेशंटने चिरा कापून घातलाय, तोही चालतो. रात्रीचं जेवण झोपण्याआधी तीन तास.

मात्र घास पुन्हा अडायला लागला तर कळवा. पुष्कळदा जोडाची जागा आकसलेली असते, दुर्बिणीतून फुगा घालून मोठी करतात आणि माणूस त्याच दिवशी जेवतो. लोह आणि बी-१२ वर्षातून एकदा तपासा.

प्रश्न : सासऱ्यांच्या (७२) यकृतात पसरलंय, चौथी स्टेज. पाणीही मुश्किलीने उतरतं. डॉक्टर जाळीची नळी टाकू म्हणतात. नातेवाईक म्हणतात, आता छळू नका. (मालवण तालुका)

उत्तर : उपासमार हाही छळच आहे. काकांना मी स्वतः स्टेंट टाकला. मिटलेल्या छत्रीसारखी धातूची जाळी दुर्बिणीतून गाठीच्या जागी सोडतात, ती दोन दिवसांत उमलते. पहिले दोन दिवस छातीत दुखतं, त्याला गोळी असते. तिसऱ्या दिवशी काकांनी गुरगुट्या भात आणि लोणच्याचा खार मागितला. ते आणखी पाच महिने होते आणि ते पाच महिने त्यांनी ताटावर बसून काढले.

जाळीने रोग बरा होत नाही, आयुष्यही फारसं वाढत नाही. ती सरकू शकते, मटणाच्या रेषेने किंवा भाकरीने तुंबू शकते. सासरे बऱ्यापैकी हिंडते-फिरते असतील तर थोड्या दिवसांचं रेडिएशनही घास मोकळा करतं. उशिरा करतं, पण गुण जास्त टिकू शकतो. किमो आणि प्रतिकारशक्तीला जागं करणारी नवी इंजेक्शनं काही जणांना उपयोगी पडतात. ती महाग आहेत, म्हणून आधी तुकड्यावर त्यासाठीची तपासणी करून मगच ठरवा. माणूस अंथरुणाला खिळलेला असेल तर मी त्या वाटेला जाणार नाही. वेदनेला मॉर्फिन मागा. 'सवय लागेल' म्हणणाऱ्याला घराबाहेर चहा द्या.

प्रश्न : मला बारा वर्षं आम्लपित्त आहे. सोलकढीने बरं वाटतं. मला हा रोग होईल का? (अलिबाग तालुका)

उत्तर : बहुतेक नाही. वर्षानुवर्षं आम्ल वर येत राहिलं तर काहींच्या अन्ननलिकेचं खालचं अस्तर बदलतं, त्याला बॅरेट म्हणतात आणि त्यातल्या थोड्यांना पुढे कर्करोग होतो. बारा वर्षं झाली, वजन जास्त असेल, विडी असेल तर एकदा दुर्बीण करून घ्या. सोलकढी प्या, ती जेवणाची गोष्ट आहे.

आपल्या किनाऱ्यावर माझ्या नजरेला जास्त पडतात ती कारणं वेगळी : तंबाखू, विडी, मिशरी, दारू, सुपारी. तंबाखू-दारू एकत्र असली की धोका नुसता जोडला जात नाही, कैकपट होतो. आणि श्रीवर्धनची रोठा कितीही नामांकित असो, सुपारीला तंबाखूशिवायही कर्करोगकारक ठरवलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंशांहून गरम पेयांनाही 'बहुधा कर्करोगकारक' म्हटलं. बोटीवर स्टोव्हवरून उतरवलेला काळा चहा पितळीतून तसाच घशात ओततात, तो याच हिशेबात येतो. बशीत ओतून प्या.

अंक छपाईला जाता जाता : गुहागरच्या ताईंचा फोन आला. यजमान तयार झाले आहेत, पण बोटीचा हिशेब झाल्यावर म्हणतात. मी फोन त्यांच्याकडे द्यायला लावला. हिशेब खलाशी करतील, असं त्यांच्याकडून वदवून घेतलं. सोमवारी सकाळी साडेसातला, उपाशीपोटी, पहिला नंबर.